फोटोपुरते कॅमेरे

भाताच्या कुकरचं बटण खट्कन उडालं. "कुणाला काही विचारायचंय?" असं म्हणून वेनिंग थांबली होती, त्या शांततेत तेवढाच काय तो प्रतिसाद.

इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या विद्यापीठाची 'तंत्रज्ञान आणि समाज' ही ऑनलाइन व्याख्यानमाला. परदेशी घरकामाला गेलेल्या आया फोनवरून मागे राहिलेली आपली लेकरं कशी वाढवतात, यावर दोन वर्षं खपून लिहिलेलं तिनं आज पहिल्यांदाच मांडलं होतं. निदान कुणीतरी चूक काढावी, एवढीच आस. समोर नुसत्या काळ्या चौकटी, आणि प्रत्येकीत पदव्यांच्या शेपटासकट एकेका विद्वानाचं नाव.

"प्रश्न नाहीत, म्हणजे मांडणी अगदी स्वच्छ झाली बरं का, वेनिंग," अध्यक्ष पाक हार्गो जांभई गिळत म्हणाले. "चला मंडळी, फोटोपुरते तरी कॅमेरे लावा. अंगठे वर."

भराभर चौकटी उजळल्या. कुणी गाडी चालवत होतं, कुणी वाडग्यातलं सोतो सूप भुरकत होतं. अंगठे मात्र सगळ्यांचे वर, आणि हसू कानापर्यंत.

मांडीवरची पाच वर्षांची लारास ते चेहरे बघतच राहिली.



"आई, हे सगळे आत्ता आले? मग तू मघापासून कुणाशी बोलत होतीस?"