वरचं पाणी

मिस्त्रीने पाइपचा सहावा तुकडा भिंतीत बसवला, बाहेरच्या बाजूला जरासा उतार आहे ना हे बोटाने पाहिलं आणि टेलरकाकांकडे वळला.

"हे राहू द्यायचे, काका."

विचारलं नव्हतं त्याने, सांगितलं होतं. काकांनी मान हलवली आणि अंगणातल्या खुर्चीत तसेच बसून राहिले.

आधीच्या, पडलेल्या भिंतीलाही असेच सहा तुकडे होते. शेजारच्या अण्णांची बाग पुरुषभर उंचावर, तिची माती घसरून काकांच्या अंगणात येऊ नये म्हणून बांधलेली भिंत. पाइपांतून पाणी ठिबकायचं आणि दगडांवर तांबडे ओघळ उतरायचे. काकांना ते खपेना. जन्मभर लोकांच्या कपड्यांवरचा एकेक दोरा वेचलेला माणूस, त्याला असली घाण कशी चालावी? "बुजवून टाक ती भोकं," म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "मातीचा भार भिंत सोसते, काका. पाण्याचा नाही सोसत." पण मालकापुढे शहाणपण चालतं थोडंच! बुजवली त्याने.

सव्वा वर्षापूर्वी एका भर दुपारी, आभाळात नावाला ढग नसताना, ती भिंत फुगली आणि आडवी झाली. काकू तिच्या सावलीत बसून शर्टांना बटणं लावत होत्या.

पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून? गल्लीने वर बोट दाखवलं. अण्णांचा पाइप सकाळ-संध्याकाळ बागेत चालू असायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी. काका गप्प राहिले. मिस्त्रीही गप्प राहिला, त्याचं तर पोट त्यावर. आणि अण्णांनी त्या दिवसापासून बागेला थेंब घातला नाही. गुलाब वाळले, पेरू वाळला, हिरवळीची नुसती धूळ झाली. कुणी काही बोललं तर ते ऐकून घ्यायचे आणि घरात जायचे.

आज ते आपणहून बागेच्या कडेला आले. हातात बादली आणि प्लास्टिकचा मग.

"मिस्त्री, आता घातलं तर चालेल का हो? एक लिंबू तेवढं जीव धरून आहे."

"घाला की. आधी इथे भिंतीमागे भरलेल्या खडीवर ओता अख्खी बादली. पाणी बाहेर येतंय का बघू या."

अण्णांना अख्खी बादली ओतवेना. एक मग ओतला, थांबले. दुसरा ओतला. "जास्त नाही ना होत?" त्यांनी विचारलं. सत्तरीचा माणूस, पण परवानगी मागितल्यासारखा आवाज. काकांना तो ऐकवेना.

खालच्या पाइपातून आधी गढूळ पाणी आलं, मग नितळ. दगडावरून ओघळून ते अंगणात उतरलं आणि काकांच्या चपलेपर्यंत आलं.

"आलं, अण्णा," मिस्त्री म्हणाला.

"नक्की ना? मला इथून दिसत नाही. सगळं येतंय ना बाहेर?"

काका उठले. भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि वर न बघताच बोलायला लागले.

"अण्णा, आधीच्या भिंतीलाही भोकं होती. मीच बुजवायला लावली, वाईट दिसतात म्हणून. हा नको म्हणत होता. तुमच्या पाण्याचा काही दोष नव्हता. तुमची वहिनी माझ्यामुळे गेली, आणि मी सव्वा वर्ष लोकांना तुमचं नाव घेऊ दिलं."

मिस्त्रीने थापी उचलली आणि स्वच्छ असलेली थापी पुसत बसला. आता वरून शिव्या येतील, असं काकांना वाटलं. याव्यात, असंही वाटलं. सव्वा वर्षात पहिल्यांदाच त्यांना रडू आलं, तेही धड बाहेर पडेना.

वर बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून कडेला बसले. आता त्यांचा चेहरा दिसत होता.

"मला माहीत होतं, टेलर."

काकांनी वर बघितलं.

"मिस्त्री भोकांत माल भरत होता ना, तेव्हा मी इथेच उभा होतो, झाडांना पाणी घालत. मनात आलं, सांगावं, हे बरं नाही म्हणून. वहिनी खाली चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना जरी सांगितलं असतं तरी झालं असतं." अण्णांनी बादली बाजूला सरकवली. "मग म्हटलं, त्यांची भिंत आहे, आपण कशाला मध्ये तोंड घाला. आणि पाइप घेऊन पुढच्या वाफ्याकडे गेलो."