टायरवरचा आकडा

टायर किती टिकेल याचा आकडा टायरच्या अंगावरच असतो, पण तो देते ज्याची त्याची कंपनी. म्हणून बाबा दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत, "आकडे एकाच कंपनीच्या टायरांचे ताडून बघा. दोन कंपन्यांचे कधी शेजारी ठेवू नका."

निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलीचे मार्क कळले आणि बाबांनी भर दुकानात लेकीला फैलावर घेतलं.

ती फणकारली, "तिची शाळा वेगळी आहे, बाबा! दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवायचे नाहीत ना?"

गिऱ्हाइकं खो खो हसली. बाबाही हसले. आज आपण जिंकलो, असं तिला वाटलं.



"पटलं बुवा," म्हणत बाबांनी तिच्या जुळ्या बहिणीला हाक मारली, "ये गं, तुझे मार्क सांग सगळ्यांना. कंपनीही तीच, बॅचही तीच."