सहा इंच

"सहा इंच पाह्यजे. त्याच्या खाली बातच नाई," विक्की म्हणाला आणि टाचा उचलून उभा राहिला. जणू गाडीबरोबर तोही तेवढा उंच होणार होता.

गुणाबाईने लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पोंभुर्ण्याच्या मुश्ताक मिस्त्रीच्या दुकानात सकाळपासून हेच चालू होतं. पिकअप गुणाबाईची, चौदा वर्षांची. मागचे कमानपाटे थकले होते, गाडी मागून बसली होती आणि नाल्याच्या रपट्यावर तिचं पोट दगडांना घासत होतं. ती जरा उचलून घ्यायची, एवढंच काम. पण एवढ्याशा कामाचा या दोघा शहाण्यांनी बाजार मांडला होता. विक्की मुश्ताकला विचारी, मुश्ताक विक्कीला विचारी आणि जिची गाडी ती बाई एका फाटक्या टायरवर बसून दोघांची तोंडं पाहत होती. तिला विचारतो कोण!

"पाट्याखाली लोखंडी ठोकळे टाकून देऊ," मुश्ताक म्हणाला. "एका घंट्याचं काम. पाटे खोलून, गरम करून ठोकाचे म्हटलं तं आख्खा दिवस जाते. अन् उठते किती? दीड इंच. दिसत बी नाई."

"दिसली पाह्यजे ना भाऊ!"

दिसली पाहिजे म्हणे! महिन्याभरापूर्वी या दिवट्याच्या हातात स्टिअरिंग आलं, तेव्हापासून गाडीपेक्षा मोबाइलच जास्त पळत होता. त्याआधी बारा वर्षं वारलू ड्रायव्हर गाडी चालवायचा. मोतीबिंदू झाला म्हणून म्हातारा घरी बसला, नाहीतर गुणाबाईने या पोराला गाडीची काचही पुसू दिली नसती.

परवापासून धानाचे रोवणे सुरू होणार होते, चिखलाच्या बांध्यांत रोपं लावायची होती. गावातल्या सतरा बाया याच गाडीने बांध्यांवर जायच्या. त्या आल्या नाहीत, तर गुणाबाईची टोळीच मोडली असती.

ती उठली. "मले उचलून दाखवा पह्यले. सहा इंच म्हंजे केवढे होते, पाहू दे."

मुश्ताकने जॅक लावला, मागची बाजू उचलली आणि खाली लाकडाचे ओंडके सरकवले. मागचा फाळका पाडला. गाडी ढुंगण वर करून उभी राहिली. विक्कीने चारी बाजूंनी फोटो काढले. एक फोटो तर जमिनीवर आडवं पडून काढला.

गुणाबाई गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. फाळक्याची कड तिच्या कमरेच्याही वर गेली होती.

"बाया चढतीन कशा?"

"चढतीन ना. मी हावो ना मांगं," विक्की म्हणाला. "हात देतो एकेकीले."

हे तो आईशी बोलला, पण पाहत होता मुश्ताककडे. मुश्ताकने दात काढले. मग विक्कीनेही काढले.

गुणाबाईच्या अंगाचा भडका उडाला. हात देणं म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. नानाजी ठेकेदाराची मोठी गाडी सोडून या सतरा जणी तिच्या खटाऱ्यात दाटीवाटीने का बसत होत्या? ठेकेदाराचा ड्रायव्हर पोचू बाया चढताना मागे उभा राहायचा. हात द्यायला. कोणाच्या कमरेला, कोणाच्या आणखी कुठे. त्यांतली ज्योत्स्ना तर त्यापायी एक हंगाम घरीच बसली होती. वारलू मागे चढायला एक पेटी पालथी घालायचा आणि बाया बसेपर्यंत गाडीच्या तोंडाशी जाऊन बिडी ओढायचा. बारा वर्षांत त्याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. ती पेटी या पोराने पहिल्याच दिवशी फेकून दिली होती. जागा अडते म्हणे! आणि आता हा निघाला हात द्यायला. माझ्या पोटचा, आणि तोंडात भाषा पोचूची. तिला त्याची किळस आली.

"देतो म्हणतं ना?" ती म्हणाली. "मंग दे. पह्यली मी."

तिने लुगडं खोचलं, एक हात फाळक्यावर टेकला आणि गुडघा उचलला. गुडघा काही कडेपर्यंत पोचेना. ती तशीच एका पायावर उभी राहिली.

विक्की हसत हसत पुढे आला. दोन्ही हात त्याने तिच्या कमरेकडे नेले आणि मागे घेतले. मग दंडाकडे नेले. दंड धरून काही बाई वर जाणार नव्हती, ते त्यालाही दिसत होतं. त्याने खाली पाहिलं. आईचं लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं होतं. त्याने घाईघाईने मान फिरवली.

"काऊन थांबला?" गुणाबाई म्हणाली. "चढव ना."

"माय..." विक्कीचा आवाज एकदम बारीक झाला. "कुठी धरू?"

मुश्ताकचं हसणं बंद झालं. तो खाली वाकून पाने-पक्कड गोळा करायला लागला.

गुणाबाईने पाय जमिनीवर टेकला. लुगडं सारखं केलं.

"मुश्ताकभाऊ, पाटे खोला अन् ठोका. दीड इंच. दिवस लागला तं लागू द्या, मी हावो इथीच बसून. अन् मांगून लोखंडाची पायरी जोडा, चांगली रुंद."

"हो बाई," मुश्ताक म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलला होता.

मग ती लेकाकडे वळली. त्याचे हात अजून तसेच, हवेत.

"मले विचारलं तू," ती म्हणाली. "ज्योत्स्नाले विचारलं असतं?"