अठरावं प्रकरण

"अठरावं प्रकरण कुठंय?" देल्फिनाने पुस्तक स्टॉलवर आपटलं.

आल्बिनाने मान वर केली नाही. ती मागच्या टेबलावर पुस्तकांच्या पाठींना गोंद फासत होती. लिमाच्या या बाजारात सगळी पुस्तकं चोरटी छापलेली. ते सगळ्यांना ठाऊक. पोलीससुद्धा घरच्यांसाठी पुस्तकं इथूनच नेतात.

"ताई, बदलून हवंय तर दुसरं घ्या. आपटू नका, गोंद ओला आहे."

"दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यातही नाही. आणि मी गिऱ्हाईक नाही. हे मी लिहिलंय!"

आता मात्र आल्बिनाने चष्मा कपाळावर चढवला. आधी मुखपृष्ठाकडे पाहिलं, मग देल्फिनाकडे. मुखपृष्ठावर भलत्याच बाईचा फोटो होता.

"अगं बया! देल्फिना अर्रोयो म्हणजे तुम्ही? मला वाटलं, उंच असाल."

देल्फिना चोरीवरून भांडायला आलीच नव्हती. या शहरात ज्याची चोरटी आवृत्ती निघत नाही, त्याला लेखक म्हणतो कोण? सिग्नलवर पहिल्यांदा आपलं पुस्तक विकायला आलेलं दिसलं, तेव्हा ती भर बसमध्ये एकटीच हसत सुटली होती. चीड निराळीच होती.

काल एका सिनेमावाल्याने तिला बोलावलं. कादंबरी घेतो म्हणाला, वर पटकथाही तुम्हीच लिहा म्हणाला. मासळीच्या कारखान्याच्या खानावळीत वीस वर्षं चूल सांभाळून, हिशेबाच्या वहीमागे लिहायला शिकलेल्या बाईला असं कुणी विचारत नाही. पटकथा शिकवणाऱ्या शाळांतून बाहेर पडलेले दहा जण दारातच बसलेले असतात.

"एकच अट," तो म्हणाला. "शेवटाला हात लावायचा नाही. रोसाउरा नवऱ्याचं घर सोडते, बसमध्ये चढते. कंडक्टर विचारतो, कुठे? ती म्हणते, ही कुठवर जाते? संपलं! रडलो हो मी, बाई."

त्याच्या काचेच्या टेबलावर भलत्याच बाईचा फोटो असलेली प्रत पडली होती. एवढं मोठं ऑफिस, पण पुस्तक सिग्नलवरचंच.

शेवट कसला? ते नुसतं सतराव्या प्रकरणाचं टोक होतं. अठराव्यात नवरा मागून धावत येतो, पाया पडतो, रडतो. रोसाउरा त्याला माफ करते आणि दोघं घरी जातात. आधीची सतरा प्रकरणं आठ महिन्यांत झाली होती. या एकाला तीन वर्षं लागली. आज चार वाजता करारावर सही होती. केली तर अठरावं गेलं, नाही केली तर सिनेमा गेला. तिथून पुढे खांद्यावरच्या पिशवीतलं नव्या कादंबरीचं बाड प्रकाशकाकडे पोचवायचं होतं. पण आधी हे निस्तरायला हवं होतं.

"पानं चुकून राहिली, एवढं मला लिहून दे," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर फेकते. म्हणते, पुस्तक पुरतं वाच, मग अटी घाल."

"चुकून कशाला राहतील? मीच काढली."

"कागद वाचवायला! वाटलंच मला."

"कागदाचं काय मेलं!" आल्बिनाने भाजलेल्या मक्याचे चार दाणे तोंडात टाकले. "मी छापते ते सगळं वाचते. सतरावं वाचत होते, तेव्हा स्टोव्हवर भात होता. पार कोळसा झाला. पातेलं फेकावं लागलं. मग दुसरा भात लावला आणि अठरावं घेतलं. काय सांगू ताई, इतका मोकळा भात मला जन्मात जमला नव्हता."

देल्फिनाचे कान तापले. "तुझा भात गेला खड्ड्यात! माफी लिहिणं म्हणजे काय खायचं काम वाटलं तुला? तीन वर्षं घासलंय मी ते."

"घासलंय ते दिसतंच की." आल्बिनाने ब्रश खाली ठेवला. "ताई, मीपण चढले होते अशा बसमध्ये. तिसऱ्या थांब्यावर उतरले आणि परत गेले. तो पाया वगैरे नाही पडला हो. दारात उभा राहून म्हणाला, जेवायला काय आहे?"

तीन वर्षं देल्फिना रोसाउराच्या नवऱ्याला कागदावर वाकवत होती. मेल्याचे गुडघे वाकतच नव्हते. दर वेळी तिनेच मानगूट धरून त्याला खाली दाबलं होतं, आणि दर वेळी तो ताठ उभा राहून तिच्याकडे बघत होता. त्याला काय विचारायचं होतं, ते आत्ता कळलं.

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. शेजारच्या स्टॉलवाले माना वळवून बघायला लागले.

"मग?" तिने डोळे पुसत विचारलं.

"मग काय! दुसऱ्यांदा चढायला अकरा वर्षं गेली. तुमच्या रोसाउराला कशाला उतरवू उगाच? बसू दे की बाईला खिडकीशी."

साडेतीन वाजून गेले होते. देल्फिनाने आल्बिनाच्या कानामागचं पेन न विचारता काढून घेतलं. "सही करायला लागेल," एवढंच म्हणाली. दोन पावलं गेली, थांबली, परत आली. खांद्यावरची पिशवी उतरवून तिने ते चारशे पानांचं बाड बाहेर काढलं. अजून कुणीही न वाचलेलं. कागद कापायच्या यंत्राशेजारी ते ठेवलं.

"छापलंस तर हात तोडीन," ती म्हणाली. "घरात तांदूळ आहेत ना?"