आधी मनोरा, मग काटा

वजनकाटा सुरूच होईना. डॉक्टरबाईंनी तो दोनदा थोपटला, एकदा उलटा करून पाहिला आणि शेवटी म्हणाल्या, "सेल संपलेत. कुणाला तरी आणायला पाठवा. तोवर मनोरा उरकून घेऊ."

केंद्राच्या अंगणात उन्हात रांगेने उभ्या असलेल्या अग्निशमन जवानांत चुळबुळ झाली. वर्षातून एकदा होणारी ही तंदुरुस्तीची चाचणी. दरवर्षी आधी वजन व्हायचं. मग भारी अंगाचे सगळे नळाकडे धावायचे, पोटभर पाणी प्यायचे, तासभर सावलीत पडायचे आणि मगच नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन सरावाच्या सहा मजली मनोऱ्यावर चढायचे. वजनाच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडायचं, ही तिथली जुनी रीत. जुन्या डॉक्टरांना ती ठाऊक होती आणि ते कानाडोळा करायचे. या बाई नव्या होत्या.

काडीने मान वळवून आपल्या जोडीदाराकडे, पिंपाकडे पाहिलं. पंधरा वर्षं दोघे एकाच शिडीवर काम करत होते; ही टोपणनावंही तिथेच पडलेली. काडी अंगाने काडीसारखा. पिंपाबद्दल वेगळं सांगायला नको. पण या खेपेला पिंपाने मनावर घेतलं होतं. तीन महिने पहाटे पळाला, दोरीवरच्या उड्या मारल्या, ताटातलं निम्मं परत केलं आणि एकशे आठ किलोंवरून सत्त्याण्णववर आला. मर्यादा पंचाण्णवची. शेवटचे दोन किलो मात्र काही केल्या हलेनात. तेव्हा त्याने पाणी तोडलं. बाकीच्यांनी एक दिवस, याने दोन.

"काय पिंप, तळ दिसायला लागला का?" मागून कुणीतरी म्हणालं.

पिंप हसला. हसताना त्याचा ओठ चिरला, पण रक्त काही आलं नाही. रांगेतले सगळे घामाने निथळत होते. त्याचं कपाळ मात्र कोरडं ठणठणीत होतं.

सकाळीच पिंपाच्या बायकोचा काडीला फोन आला होता. "भावजी, रात्रभर यांच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. छातीत धडधडतंय म्हणाले. मी सांगून थकले. तुमचं ऐकतात ते."

"दादा, दोन घोट घे," काडी हळूच म्हणाला.

"आणि काट्यावर माझ्याऐवजी तू उभा राहणार?"

"मग बाईंना सांगू या."

"सांग की! उद्यापासून मी फोनच्या खोलीत. आग लागली की पत्ता लिहून घ्यायचा आणि तुम्हाला खिडकीतून टाटा करायचा. त्यापेक्षा..." पिंपाने आवंढा गिळायचा प्रयत्न केला. तो गिळता आला नाही. "घाबरू नकोस रे. मरत नाही मी. मेलो, तर तुझी वहिनी मला जिवंत सोडायची नाही."

काडीला हसू आलं आणि तिथेच बोलणं संपलं.

पिंपाचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टरबाईंनी त्याची नाडी धरली. जरा जास्तच वेळ धरली.

"फार जलद आहे हो."

"परीक्षा आहे ना बाई. पोरांचीसुद्धा वाढते."

बाई हसल्या नाहीत. त्या काडीकडे वळल्या. "तुम्ही यांचे जोडीदार ना? हे ठीक आहेत?"

पिंप त्याच्याकडे बघत होता. वर जळत्या खोलीत शिरताना बघायचा, अगदी तसाच. तू आहेस ना मागे, म्हणून विचारणारा.

"ठीक आहेत," काडी म्हणाला.

बाईंनी कागदावर खूण केली आणि काडीच्या हातात शिट्टी ठेवली. नियम साधा होता. चढणाऱ्याने प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून हात दाखवायचा. काही बिनसलंसं वाटलं, तर खाली उभ्या असलेल्या जोडीदाराने शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली की चाचणी थांबली आणि थांबली की माणूस नापास.

पिंपाने वेटोळं खांद्यावर टाकलं. नळीचं पितळी तोंड त्याच्या पाठीवर आपटत राहिलं आणि तो मनोऱ्याच्या दारातून आत गेला.

पहिली खिडकी. हात आला.

दुसरी. हात आला.

तिसऱ्या खिडकीत हाताबरोबर चेहराही आला. लालबुंद. त्याने खाली पाहिलं, पण काडी उभा होता तिथे नाही. दोन हात बाजूला, जिथे कुणीच नव्हतं तिथे पाहून तो ओळखीचं हसला. काडीने शिट्टी ओठांत धरली. तीन महिन्यांची पहाट, अकरा किलो, फोनची खोली. अजून तीनच मजले. त्याने श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"जोरात आहे हो तुमचा दादा," वेळ मोजणारे केंद्राचे साहेब घड्याळातून मान वर न काढता म्हणाले. "गेल्या वर्षीपेक्षा नऊ सेकंद पुढे."

चौथी खिडकी रिकामी होती.

मग आतून आवाज आला. पितळ दगडावर आपटल्याचा. ठण्ण. जरा थांबून पुन्हा ठण्ण. एकेक पायरी मोजत काहीतरी खाली येत होतं. वळणापाशी ते थबकलं, घरंगळलं आणि पुन्हा उतरू लागलं.

तेव्हा काडीने शिट्टी फुंकली. सगळा श्वास संपेपर्यंत फुंकली. मनोऱ्याच्या पोकळीत ती अशी घुमली, की छपरावरची पाखरं उडाली. वर ऐकू शकणारं कुणी असतं, तर त्याला नक्की ऐकू गेली असती.