सांगलीत बर्फ पडला का?

"बोल ना," तूया आपल्या लेकीच्या, हेल्मीच्या कानाशी फिन्निशमध्ये पुटपुटली.

टॅबवर फिनलंडहून तूयाची आई वाट पाहत होती. उद्या तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज उरेल, अशी हमी डॉक्टरांनी दिली नव्हती.

दर रविवारी तिची एकच थट्टा असायची, "सांगलीत बर्फ पडला का?" आणि हेल्मी खिदळून ओरडायची, "एइ ओले, मुम्मो!" नाही गं, आजी! पण शाळा सुरू झाली आणि हेल्मी मराठीखेरीज बोलेना.

आजही तोच प्रश्न आला.

"मला नाही येत," हेल्मी मराठीत म्हणाली आणि तिने ओठ घट्ट मिटले. पलीकडचा चेहरा हसतच राहिला, नजर मात्र खाली गेली. कॉल संपवायला तूयाचा हात पुढे झाला. शेजारी सासूबाई मेथी निवडत होत्या. "इथं कुत्रं तरी बोलतं का ती भाषा?" हे त्यांचं पालुपद आता येणार, म्हणून तूयाने अंग चोरलं.

"एय वोला, मुम्मो," मेथीच्या ढिगाआडून आवाज आला.

हेल्मी गर्रकन वळली. "आजी! असं नसतं म्हणायचं!"

"मग कसं? दर रविवारी कानावर पडतं, तेवढंच येतंय मला. तू सांग की."

हेल्मीने टॅब ओढून घेतला. "एइ ओले, मुम्मो!" आणि लगेच फिन्निशमध्येच मुम्मोकडे आजीची चहाडी सुरू झाली.

अर्ध्या तासानेही कॉल चालूच होता, तेव्हा तूया सासूबाईंकडे झुकून कुजबुजली, "आई, डॉक्टरांनी मुम्मोला फार बोलू नका म्हणून सांगितलंय."

"त्यांना कुठं बोलायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "बोलणारी इथं आहे की."