भिंतीआडचा ओपल

मुतविंजीच्या राष्ट्रीय उद्यानात घळीतल्या डोहापर्यंत पोचताना लोव्रेला चार वेळा बसावं लागलं. खाणीतल्या धुळीने त्याची फुप्फुसं पोखरली होती. सोमवारी ब्रोकन हिलच्या इस्पितळात भरती व्हायचं होतं. तिथून घरी येणं कठीण आहे, हे डॉक्टरने न बोलता सांगितलं होतं. म्हणून आज त्याने बायकोला, तोंकाला, हे उद्यान दाखवायचं ठरवलं. व्हाइट क्लिफ्समधलं त्यांचं जमिनीखालचं घर इथून दीड तासावर. पण अडतीस वर्षांत त्याला सवड झाली नव्हती. आजही गाडी तिनेच चालवली.

दोन वर्षं ओपलची रत्नं खणू आणि परत मायदेशी, व्हिस बेटावर जाऊन समुद्राकाठी घर बांधू, असं सांगून त्याने तिला आणलं होतं. सुरुवातीला ती दर नाताळात विचारायची. मग कधीतरी तिने विचारणं सोडलं. लोव्रेला वाटलं, रुळली.

डोहावर हिरव्या पोपटांचा थवा उतरला, पाणी पिऊन उडाला. तोंकाने पावात खारवलेला मासा घालून त्याच्या हातात दिला. तो तसाच धरून बसला.

“चौथ्या वर्षीच सापडला होता मला,” तो म्हणाला. “अननस.”

अननसाच्या आकाराचा दुर्मिळ ओपल म्हणजे एका दगडात समुद्राकाठचं घर, हे व्हाइट क्लिफ्समध्ये कुणाला सांगावं लागत नाही. तोंकाने दुसऱ्या पावात मासा भरायला घेतला.

धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. व्हिसला तो भावांच्या होडीवरचा हरकाम्या होता. इथे स्वतःच्या खाणीचा मालक होता. शिवाय तिथे गेल्यावर तोंका पुन्हा या ओसाडीत पाऊल टाकणार नाही, ही भीती. त्याने दगड निजायच्या खोलीच्या भिंतीत पुरला, वर गिलावा केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुदळ घेऊन खाणीत उतरला. तिची आई गेल्याचं कळलं तेव्हाही तो बोलला नाही.

“भिंतीत काही नाहीये, लोव्रे.”

त्या गिलाव्याचा रंग तिला दोन वर्षांतच खटकला होता; खरवडल्यावर आतला दगड दिसला होता. आईने अंथरूण धरलं तेव्हा तिने दगड काढून विकला, भिंत पुन्हा तशीच लिंपली. ॲडलेडला ऑपरेशनसाठी जाते म्हणून निघाली ती व्हिसला गेली. महिनाभर आईची सेवा केली, तिला माती दिली, तिच्या घराचं छप्पर नवं घातलं, किल्ली शेजारणीकडे ठेवली. त्या महिन्यात लोव्रे एकदाही ॲडलेडला फिरकला नव्हता. भिंत सोडून जायचा त्याला धीर झाला नव्हता.

लोव्रेने हातातला पाव खाली ठेवला.

“पैसे होते. घर होतं,” तो म्हणाला. “मग परत का आलीस?”

“वाटलं, आज ना उद्या तू स्वतःहून सांगशील,” तोंका म्हणाली. “मग दोघं मिळून जाऊ.”